सोमवारची गोळी

आमच्या वयाच्या बायका पूर्वी जमल्या की सुनांवर बोलायच्या, आता गोळ्यांवर बोलतात. रक्तदाबाची, साखरेची, थायरॉइडची, आणि गेली काही वर्षं त्यात आठवड्यातून एकदाच घ्यायच्या गोळीची भर पडली आहे. आमच्या भिशीत तिला 'सोमवारची गोळी' म्हणतात. सकाळी उठल्याउठल्या, चहाच्याही आधी, पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची आणि पुढे अर्धा तास काही खायचं नाही, आडवं व्हायचं नाही. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून. ज्यांना ते जमत नाही त्यांना सहा महिन्यांनी एक इंजेक्शन, नाहीतर वर्षातून एकदा सलाईन.

मागे माझ्या धाकट्या जावेचा फोन आला. "वहिनी, मी ती सहा महिन्यांची इंजेक्शनं बंद करतेय. व्हॉट्सॅपवर आलंय, त्यानं जबडा सडतो आणि मांडीचं हाड आपोआप मोडतं म्हणे." तिला म्हटलं, अगं, दोन दिवस थांब, मग बघू.

मी डॉक्टर नाही. आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. पण इतिहासाच्या बाईंना एक खोड असते. कोणी काही ठामपणे सांगितलं की हे कुठून आलं, कधी आलं, पुरावा काय, हे विचारल्याशिवाय चैन पडत नाही. औषधशास्त्र शिकलेली एक भाची आहे, तिच्याकडून वाचायला मागवलं, अडलं तिथे तिला छळलं. दोन दिवसांचे दोन महिने झाले (जावेला अर्थात तेवढं थांबवलं नाही, ते पुढे येईलच). आणि या हाडांच्या औषधांचा इतिहास इतका मजेदार निघाला की म्हटलं, इथे लिहून ठेवावं.

आमच्या आज्यांच्या काळी या आजाराला नावच नव्हतं. म्हातारी न्हाणीघरात पडली, खुबा मोडला, तिनं अंथरूण धरलं आणि वर्षाच्या आत गेली, एवढंच. पाठीला पोक आलं तर ते वयच समजायचे. हाड पडल्यामुळे मोडलं असं सगळे म्हणत, पण एवढ्याशा पडण्याने मोडावं इतकं ते आतून पोकळ कशाने झालं होतं, हे कोणी विचारत नसे.

ते विचारणारा माणूस म्हणजे बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधला फुलर ऑलब्राइट. रुग्णाच्या पोटात किती कॅल्शियम गेलं आणि शरीराबाहेर किती पडलं याचा वाण्याच्या चोपडीसारखा जमाखर्च तो मांडत असे. १९४१ साली त्याने लिहिलं की अशी ठिसूळ हाडं बहुतेक पाळी गेलेल्या बायकांतच दिसतात, तेव्हा यामागे बायकांच्या शरीरातलं इस्ट्रोजेन संपणं हे कारण असलं पाहिजे. त्याने इस्ट्रोजेन देऊन पाहिलं आणि कॅल्शियमची गळती कमी झाली. या माणसाला चाळिशी गाठण्याआधीच पार्किन्सन्सने गाठलं होतं, तरी वर्षानुवर्षं थरथरत्या हातांनी काम करत राहिला. १९५६ मध्ये मेंदूवर एक नवी, प्रायोगिक शस्त्रक्रिया करून घेतली, ती फसली, आणि पुढची तेरा वर्षं तो आपल्याच हॉस्पिटलात निपचित पडून होता. १९६९ मध्ये गेला. हे वाचल्यावर मी त्या दिवशी पुढे काही वाचलं नाही.

इस्ट्रोजेन आणायचं कुठून? गाभण घोड्यांच्या मुतातून! खोटं वाटेल, पण 'प्रेमारिन' हे नावच मुळी गाभण घोडी आणि मूत्र या इंग्रजी शब्दांचे तुकडे जोडून केलेलं आहे. अमेरिकेत ते १९४२ पासून मिळू लागलं. १९६६ साली रॉबर्ट विल्सन नावाच्या डॉक्टरने पुस्तक लिहून बायकांना सांगितलं की पाळी जाणं हा रोगच आहे आणि या गोळीने कायम तरुण राहता येतं. पुस्तक तुफान खपलं. १९७५ मध्ये लक्षात आलं की नुसतं इस्ट्रोजेन घेणाऱ्या बायकांत गर्भाशयाच्या कर्करोगाचं प्रमाण बरंच वाढतं. मग त्याला दुसऱ्या हार्मोनची जोड दिली. पण ही जोडगोळी सुरक्षित आहे का, याची मोठी आणि नीट परीक्षा व्हायला २००२ साल उजाडावं लागलं. अमेरिकेत १६,६०८ बायकांवर चाललेली ती चाचणी मध्येच थांबवली, कारण दर वर्षी दर दहा हजार बायकांमागे स्तनाच्या कर्करोगाच्या ८, पक्षाघाताच्या ८ आणि हृदयविकाराच्या ७ केसेस जास्त होत होत्या. खुबा मोडण्याच्या मात्र ५ कमी. म्हणजे हाडांपुरतं ऑलब्राइटचं म्हणणं खरं ठरलं, पण त्याची किंमत बाकीच्या शरीराने मोजली. (पन्नाशीच्या आसपासच्या बायकांचा हिशोब पुढे जरा वेगळा निघाला, त्यामुळे हे औषध अगदी बाद झालेलं नाही. पण नुसत्या हाडांसाठी सरसकट देणं थांबलं.)

आता फ्लोराइडची गोष्ट. मला सगळ्यात जास्त याच गोष्टीने खिळवून ठेवलं, कारण तिचा अर्धा भाग आपल्या देशात घडलेला आहे.

१९३२ साली कोपनहेगनमध्ये क्रायोलाइट नावाचं खनिज दळणाऱ्या कारखान्यातल्या कामगारांचे एक्स-रे काढले, तर हाडं पांढरीफट्ट, दाट दिसली. क्रायोलाइटमध्ये फ्लोरिन असतं, ते धुळीतून त्यांच्या पोटात जात होतं. त्यानंतर पाचच वर्षांनी, १९३७ मध्ये, शॉर्ट नावाच्या इंग्रज डॉक्टरने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मद्रास इलाख्यातल्या नेल्लोर जिल्ह्यातली माणसं तपासली. त्यांच्या विहिरींच्या पाण्यातच फ्लोराइड होतं. त्यांचीही हाडं एक्स-रेत तशीच दाट. पण ही माणसं कशी होती? पाठीचा कणा काठीसारखा ताठ, मान वळत नाही, सांधे धरलेले, कामाच्या वयात जायबंदी. पुढे नलगोंडा जिल्ह्याचं नाव या दुखण्यासाठी देशभर झालं, आणि अशा पाण्यातलं फ्लोराइड तुरटी आणि चुना घालून खाली बसवण्याची साधी पद्धत आपल्या नागपूरच्या नीरी या संस्थेने १९७०च्या दशकात काढली. तिला 'नलगोंडा पद्धत' असंच म्हणतात.

म्हणजे आपल्याकडे फ्लोराइड पाण्यातून काढायची खटपट चालली होती, आणि १९६१ पासून पाश्चात्त्य डॉक्टर हाडं ठिसूळ झालेल्या रुग्णांना तेच फ्लोराइड गोळ्यांतून देऊन पाहत होते! त्यांचा विचार सरळ होता. याने हाड दाट होतं, यांना दाट हाड हवंय, मग देऊया. मोजमाप करणारी यंत्रंही त्यांच्याच बाजूने बोलत होती. शेवटी मेयो क्लिनिकच्या रिग्ज यांनी २०२ बायकांवर चार वर्षं चाचणी केली, ती १९९० मध्ये छापून आली. फ्लोराइड घेणाऱ्यांच्या कण्याची घनता ३५ टक्क्यांनी वाढली. पस्तीस! पण कण्याचे मणके मोडायचं प्रमाण लक्षणीय कमी झालं नाही, आणि इतर हाडं मोडण्याचं प्रमाण जवळजवळ तिप्पट झालं. दुसऱ्या गटात अशी २४ हाडं मोडली, फ्लोराइडच्या गटात ७२. हाड दाट झालं होतं, पण कच्चं. भरपूर माती आणि कमी चुना घालून जाड भिंत बांधावी तसं.

यातून डॉक्टर लोक जे शिकले ते मला महत्त्वाचं वाटतं. तेव्हापासून हाडाच्या औषधाला पहिला प्रश्न विचारला जाऊ लागला तो "घनता किती वाढली?" हा नव्हे, तर "हाडं किती कमी मोडली?" हा. आपण मात्र अजून त्या घनतेच्या कागदावरच्या उणे दोन, उणे अडीचकडेच बघत बसतो. ती उणे अडीचची रेघही १९९४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या समितीने आखलेली आहे. ती रेघ उपयोगाची आहे, पण रेघेच्या एका बाजूला निरोगी आणि दुसऱ्या बाजूला आजारी, असं काही निसर्गाने ठरवलेलं नाही.

बरं, आता सोमवारच्या गोळीकडे येते. तिचा उगम पाण्याच्या नळात आहे.

हर्बर्ट फ्लाइश नावाचा स्विस डॉक्टर १९६०च्या सुमारास अमेरिकेत रॉचेस्टरला एका प्रश्नावर काम करत होता. आपल्या रक्तात आणि लघवीत कॅल्शियम आणि फॉस्फेट इतकं असतं की त्याचे खडे व्हायला हवेत. मग आपण सगळेच दगड का होत नाही? त्याला उत्तर सापडलं की पायरोफॉस्फेट नावाचा पदार्थ हे खडे होऊ देत नाही. आणि या पदार्थाची भावंडं तर कारखान्यांत आधीपासून वापरात होती, जड पाण्याने नळात आणि बॉयलरमध्ये क्षार साचू नयेत म्हणून. फ्लाइश पुढे स्वित्झर्लंडला परतला आणि दाव्होसला प्रयोगशाळा सांभाळू लागला. (हेच ते दाव्होस, जिथे हल्ली दर जानेवारीत जगातले पैसेवाले जमतात. पूर्वी क्षयरोगी जमायचे.) तिथे ग्रॅहॅम रसेल हा तरुण इंग्रज त्याला येऊन मिळाला. अडचण एकच होती. पायरोफॉस्फेट तोंडाने दिलं की पोटात त्याचे तुकडे पडत. त्याच्या मधोमध ऑक्सिजनचा एक अणू असतो, तिथेच ते तुटतं.

इथे एक साबणवाली कंपनी गोष्टीत येते. प्रॉक्टर अँड गॅम्बल. त्यांना कपडे धुण्याच्या पावडरीसाठी पाणी मऊ करायचं होतं आणि टूथपेस्टसाठी दातावरचं कीटण थांबवायचं होतं. त्यांच्याकडच्या मॅरियन फ्रान्सिस या रसायनतज्ज्ञाकडे असे पदार्थ होते की ज्यांत मधल्या ऑक्सिजनच्या जागी कार्बन होता. ते पोटात तुटेनात. फ्लाइश आणि मंडळींनी ते उंदरांना दिले आणि त्यांच्या लक्षात आलं की खडे थांबतात ते तर खरंच, पण हाड झिजणंसुद्धा थांबतं. १९६९ मध्ये हे जाहीर झालं. हेच बिसफॉस्फोनेट.

हाड म्हणजे दगड नव्हे, हे इथे सांगायला हवं. ते सतत डागडुजी चालू असलेल्या जुन्या वाड्यासारखं असतं. काही पेशी जुनं हाड पोखरून काढतात, काही पेशी त्या जागी नवं भरतात. पाळी गेल्यावर पोखरणाऱ्यांचा जोर वाढतो आणि गवंडी मागे पडतात. हे औषध हाडाला जाऊन चिकटतं, पोखरणारी पेशी हाडाबरोबर ते खाते आणि थंड पडते. मात्र ती नेमकी कशाने थंड पडते हे १९९०च्या दशकाच्या शेवटी कळलं. तोवर कोट्यवधी गोळ्या खपल्या होत्या.

पहिलं औषध एटिड्रोनेट, १९७७ मध्ये आलं, पण जास्त दिलं तर नवं हाडही नीट घट्ट होत नसे. मग १९९५ मध्ये ॲलेंड्रोनेट, म्हणजे आमची सोमवारची गोळी, तेव्हा रोजची. रिग्जच्या चाचणीने शिकवलेला प्रश्न तिला १९९६ मध्ये विचारला गेला. आधीच मणका पिचलेल्या २,०२७ बायकांत खुबा मोडण्याचं प्रमाण तीन वर्षांत २.२ टक्क्यांवरून १.१ टक्क्यावर आलं, म्हणजे निम्मं. त्याच वर्षी हेही छापून आलं की गोळी अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम करते. म्हणून तो पेलाभर पाण्याचा आणि आडवं न होण्याचा नियम. रिकामं पोट हवं कारण अन्नाबरोबर, विशेषतः दुधातल्या कॅल्शियमबरोबर, ती गोळी अंगाला लागतच नाही. एवीतेवी शंभरात एखादाच भाग रक्तात पोचतो. चहाबरोबर घेणाऱ्या मैत्रिणींनो, वाचताय ना?

२००० मध्ये आठवड्याची गोळी आली, २००७ मध्ये वर्षातून एकदा द्यायचं झोलेड्रोनेटचं सलाईन. आणि मग भीती आली. २००३ मध्ये जबड्याचं हाड उघडं पडून न भरण्याच्या केसेस समोर आल्या. त्यांतल्या बहुतेक कर्करोगाच्या रुग्णांच्या, ज्यांना हेच औषध शिरेतून कितीतरी जास्त दिलं होतं. २००५ च्या सुमाराला मांडीचं हाड मधोमध, खडू मोडावा तसं मोडल्याच्या बातम्या आल्या. डागडुजी फार काळ थांबवली की जुन्या भिंतीला बारीक तडे जातात, तसंच हे. २०१० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने इशारा दिला, आणि बायकांनी भराभर गोळ्या सोडल्या. ज्यांचा खुबा नुकताच मोडलेला, त्यासुद्धा घेईनात.

धोका खरा आहे. पण केवढा? २०२० साली कॅलिफोर्नियातल्या जवळपास दोन लाख बायकांच्या नोंदींवरून हिशोब मांडला गेला. दहा हजार गोऱ्या बायकांनी तीन वर्षं औषध घेतलं तर १४९ खुबे वाचतात आणि २ मांड्या अशा विचित्र मोडतात. आशियाई वंशाच्या बायकांत ९१ खुबे वाचतात आणि ८ मांड्या मोडतात. आपला हिशोब गोऱ्यांपेक्षा जरा वाईट आहे, हे लपवू नये. तरी तो फायद्याचाच आहे. शिवाय हे औषध हाडात मुरून वर्षानुवर्षं राहतं. त्यामुळे पाच वर्षांनंतर, धोका फार नसेल तर, डॉक्टर काही काळ सुट्टी देतात.

माझ्या जावेचं इंजेक्शन मात्र या जातीचं नव्हे. ते डेनोसुमॅब, २०१० मधलं. पोखरणाऱ्या पेशी तयार व्हायला शरीर एक निरोप धाडतं, हे इंजेक्शन तो निरोप वाटेतच अडवतं. काम फार चांगलं करतं. २००९ च्या चाचणीत मणके मोडायचं प्रमाण ६८ टक्क्यांनी आणि खुब्यांचं ४० टक्क्यांनी उतरलं. पण ते हाडात मुरत नाही. सहा महिने संपले की अडवून ठेवलेले सगळे निरोप एकदम पोचतात. नुसतंच बंद केलं तर कमावलेली घनता वर्ष-दोन वर्षांत जाते, आणि काही बायकांचे एकामागून एक अनेक मणके पिचतात. हे औषध बाजारात येऊन बरीच वर्षं झाल्यावर लक्षात आलं. म्हणून ते बंद करायचं तर त्याच्या पाठोपाठ गोळी किंवा सलाईन द्यावं लागतं. व्हॉट्सॅपच्या त्या निरोपात जबडा होता, मांडी होती, नेमकं हे नव्हतं.

हे भाचीने सांगितलं त्याच संध्याकाळी मी जावेला फोन केला. तिची तारीख उलटून तीन आठवडे झाले होते. दुसऱ्या दिवशी ती डॉक्टरांकडे गेली, इंजेक्शन घेतलं, आणि पुढच्या खेपेला त्याऐवजी सलाईन द्यायचं ठरलं. ती माझ्यावर अजून थोडी रागावलेली आहे, पण ते चालतंय.

कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाबद्दल घरातून विचारणा होते म्हणून थोडक्यात लिहिते. १९९२ मध्ये फ्रान्समधल्या वृद्धाश्रमांतल्या, सरासरी ८४ वर्षांच्या ३,२७० बायकांच्या चाचणीत दोन्ही दिल्यावर खुबे मोडणं ४३ टक्क्यांनी कमी झालं. २०२२ मध्ये अमेरिकेत २५,८७१ धडधाकट माणसांना नुसतं ड जीवनसत्त्व दिलं, तर काहीच फरक पडला नाही. विरोध वाटतो, पण तो नाही. त्या आज्या उन्हात जात नव्हत्या, त्यांच्यात कमतरता होती. ज्याची कमी आहे ते भरल्यावर उपयोग होतो, भरलेल्या घड्यात ओतून काय होणार? नाचणी, तीळ, दूध हे खावंच. पण एकदा मणका पिचल्यावर नुसत्या नाचणीच्या भाकरीवर भिस्त ठेवू नये.

वर सांगितलेली औषधं बहुतेक पोखरणं थांबवणारी. हाड बांधणारी फार थोडी आहेत. त्यांतलं एक म्हणजे टेरिपॅराटाइड, रोज टोचून घ्यायचं. गंमत अशी की ज्या ग्रंथीच्या रसापासून ते आलं तो रस हाडातून कॅल्शियम काढतो, पण थोडाथोडा, थांबूनथांबून दिला तर उलट हाड बांधतो. १९२९ च्या एका प्रयोगात याची पहिली चाहूल लागली होती, आणि त्या प्रयोगकर्त्यांत आपला ऑलब्राइट होता! औषध बाजारात यायला २००२ साल लागलं. आता आपल्याकडच्या कंपन्याही ते करतात.

दुसरं रोमोसोझुमॅब, २०१९ मधलं. दक्षिण आफ्रिकेतल्या आफ्रिकानेर लोकांच्या काही घराण्यांत एक दुर्मिळ आनुवंशिक आजार आहे. ही माणसं धिप्पाड होतात, त्यांची हाडं सहसा मोडतच नाहीत. ऐकायला वरदान, पण कवटीही जाड होत जाते, नसा दाबल्या जातात, बहिरेपण येतं, चेहरा वाकडा होतो, कधी मेंदूवर दाब येऊन तरुणपणीच मरण. २००१ मध्ये कळलं की गवंड्यांना 'पुरे' म्हणणारं एक प्रथिन त्यांच्या शरीरात तयारच होत नाही. ते प्रथिन औषधाने वर्षभरापुरतं अडवायचं, अशी ही युक्ती. ज्यांना नुकताच हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात झालाय त्यांना ते देत नाहीत.

शेवटी अगदी ताजी बातमी. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या संशोधकांनी ५० ते ६० वयाच्या १,०५४ बायकांचा दहा वर्षांचा अभ्यास जानेवारी २०२५ मध्ये छापला. या बायकांची हाडं अजून 'ठिसूळ' या रेघेखाली गेलेली नव्हती. काहींना झोलेड्रोनेटचं सलाईन सुरुवातीला एकदा आणि पाच वर्षांनी एकदा दिलं, काहींना फक्त सुरुवातीला एकदा, काहींना औषधाविना नुसतं सलाईन. दहा वर्षांत औषध न मिळालेल्यांपैकी ११.१ टक्के बायकांचा मणका मोडला. दोनदा घेतलेल्यांत ६.३ टक्के, आणि एकदाच घेतलेल्यांत ६.६. दहा वर्षांत एकच सलाईन!

पन्नास ते साठ, म्हणजे आमच्या घरातल्या पुढच्या पिढीचं वय. तुमच्यापैकी दोघीतिघी हा ब्लॉग वाचता हे मला ठाऊक आहे. आपापल्या डॉक्टरांना या अभ्यासाबद्दल विचारा, आणि ते काय म्हणाले ते मला कळवा.